आमिषाचा रकाना

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. ठशांच्या पाट्या चोवीस, अ‍ॅसिडच्या रिकाम्या पिंपांच्या पत्र्यातून कापलेल्या, प्रत्येकी अडीच फूट बाय एक फूट, कडा दुमडून कानशीने घासलेल्या. पाट्यांवर ठेवायच्या पत्र्याच्या कमानी तितक्याच, म्हणजे पावसाने काजळी धुतली जाऊ नये. काजळी धरायचे धुराडे एक. ते रबराच्या टाकाऊ चिंध्यांवर चालते, आणि ही काजळी रॉकेलच्या काजळीपेक्षा चिकट असते हे मी स्वतः शोधले, कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. अंतर मोजायचे चाक एक, सायकलचे. दर फेऱ्याला टक्क वाजते, किलोमीटरमागे चूक दीड फूट. ठसे मोजायची पट्टी एक, हॅकसॉच्या तुटक्या पात्याची. रजिस्टरे तीन, बांधणी माझी, दोराही मीच मेणवलेला.

हे सांगायचे कारण तुझ्या ऑफिसचा फॉर्म. त्यात 'उपकरणाचा मेक व मॉडेल' असा रकाना आहे. मेक: मी. मॉडेल: चौथे, आधीची तीन भंगारात गेली. तसेच लिहून दिले आहे. हसलीस तरी खोडू नकोस.

तुझ्या साहेबांना माझी माहिती हवी असेल तर: रबराच्या मळ्यातल्या कारखान्यात फिटर, नोकरी बावीस वर्षे, शिक्षण नववी नापास, पण गणितात नव्हे. मळ्याच्या मधोमध एक्केचाळीस एकर जुने जंगल उरले आहे. चारी बाजूंनी रबराच्या रांगा, म्हणून आम्ही त्याला बेट म्हणतो. एका ओढ्याकाठी साठ पावले रुंद झाडांची पट्टी तेवढी राहिली आहे. ती अडीच किलोमीटर जाऊन मोठ्या रानाला मिळते. पाट्या बेटात आहेत. जनावर काजळीवरून चालते आणि पुढच्या पांढऱ्या कागदावर पाय उमटवून जाते. सकाळी सहाला मी पाट्या बघतो, साडेसातला कारखान्यात हजर.

तीन वर्षांत चौदा जातींचे सस्तन प्राणी. उंदीर दोन जातींचे, खार, मुंगूस, ससा, माकड, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर दोन जातींचे, रानमांजर, पाणमांजर, खवल्या मांजर आणि पिसोरी, म्हणजे सशाएवढे ते हरिण. ज्याचा ठसा तीनदा मिळाला नाही तो यादीत नाही.

फॉर्मचे काही रकाने रिकामे आहेत. जे सांगण्यासारखे नव्हते ते भरले नाही.

तुझा मामा

१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,
नमस्कार.

'मेक: मी' वाचून अख्खं ऑफिस हसलं, पण खोडलं कुणी नाही. सरांनी तर तो फॉर्म त्यांच्या काचेखाली ठेवलाय.

आता खरी गोष्ट. आम्ही शेतीत अडकलेले जंगलाचे सोळा तुकडे मोजतोय. कुठे ऊस, कुठे रबर, कुठे पाम. तुझ्या बेटाएवढ्या तुकड्यात आम्हाला पाच सापडतात, फार तर सात. तुकडा लहान झाला की आधी मोठे आणि लाजाळू प्राणी जातात, शेवटी उंदीर आणि मुंगूस उरतात. आणि तुझ्याकडे चौदा. सरांनी चष्मा दोनदा पुसला.

अहवालाच्या तक्त्यात तुझं बेट सर्वांत वर आहे. तुझ्या कंपनीलाही प्रत जाईल, कारण रबर घेणारे परदेशी व्यापारी हल्ली विचारतात, मळ्यात जंगली जनावरं टिकलीत का म्हणून. रिकाम्या रकान्यांपैकी 'आमिष वापरले का' हा भरणं सक्तीचं होतं, तिथे मी 'नाही' लिहून टाकलं. बाकीचे राहू दिले.

एक विनंती. ठशांचे मूळ कागद पाठवशील? सरांना बघायचेत. मामीला सांग, तिच्या हातचं खायला कधीतरी येते.

तुझी खारूताई

२ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

कागद पाठवत आहे. एकूण दोनशे सहा. सरांना म्हणावे चष्मा पुसायचा तेवढा पुसा, ठसा बदलत नाही. पाच सापडतात म्हणतेस. पाट्या कोणाच्या, कुठल्या दुकानाच्या, तेही विचार.

इकडची बातमी अशी की तुमचा अहवाल मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आला. त्यांनी मला बोलावले. बावीस वर्षांत त्या खोलीत मी पंखा दुरुस्त करायला सात वेळा गेलो, शिडीवर. परवा पहिल्यांदा खुर्ची दिली. म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही आमच्या नाकाखाली संशोधक होऊन बसलात आणि आम्हाला पत्ता नाही." मग रजिस्टर मागून घेतले आणि आठवड्याच्या सभेत यादी मोठ्याने वाचली. पिसोरी शब्दाला अडखळले, तो मी सांगितला. मुकादम, हिशेबनीस, सगळे ऐकत होते. हिशेबनिसाने जांभई दिली, पण तो पगाराच्या दिवशीही देतो.

त्याच सभेत ठरले की ओढ्याची पट्टी एक जूनपासून तोडायची आणि तिथे रबर लावायचे. साहेबांचे म्हणणे, बेटात चौदा प्राणी सुखाने नांदत आहेत हे मिस्त्रींच्या रजिस्टराने सिद्ध झाले, व्यापाऱ्यांना दाखवायला तेवढे बस आहे, मग पट्टी कशाला अडवून ठेवायची. पट्टीचे वाईट वाटले, तिथे सावली चांगली आहे. पण बेटाला आता कोणी हात लावणार नाही, आणि ते माझ्या रजिस्टरामुळे, हे काही थोडके नव्हे.

मामी म्हणते, ये लवकर, आणि येताना घरात वास येतो अशी तक्रार करायची नाही.

तुझा मामा

१५ मार्च

प्रिय मामा,

दोनशे सहाही कागद मी स्वतः पाहिले. ठसे इतके स्वच्छ आहेत की आमच्याकडच्या मुलांना शिकवायला वापरावेत. पण अठ्ठावन्न कागदांवर मधोमध तेलकट डाग आहे आणि नऊ कागदांना मासळीचा काटा चिकटलाय. एकावर केळ्याच्या सालीची शीर.

मामा, तू आमिष ठेवतोस का?

मी तुला पकडायला विचारत नाहीये. रकाना रिकामा होता, 'नाही' मी लिहिलं, ती माझी चूक. तुला न विचारता लिहायला नको होतं. पण आता उत्तर हवंय, कारण यावर सगळं अवलंबून आहे. आमिष असेल तर ते चौदा प्राणी बेटात राहतात असं म्हणता येत नाही. ते मोठ्या रानात राहत असतील आणि वासावर येऊन, खाऊन परत जात असतील. येणार कुठून? मधे अडीच किलोमीटर नुसत्या रबराच्या रांगा, खाली गवतसुद्धा ठेवत नाही तुम्ही. म्हणजे ओढ्याच्या पट्टीतूनच.

आणि ती पट्टी एक जूनला तोडणार, तुझी यादी दाखवून. तोडली की बाहेरून येणारे बंद. बेटात खरंच जे राहतात तेही आपापसातच उरतील, आणि काही वर्षांत तिथे उंदीर मोजायला तू जाशील.

सरळ लिही. हो की नाही.

खारूताई

२१ मार्च

चि. खारूताईस,

हो.

सुकी मासळी आणि काळे पडलेले केळे, झाकणाच्या डब्यात नऊ दिवस. दहाव्या दिवशी वापरायचे, अकराव्या दिवशी उपयोग नाही. ही कृती मी दोन वर्षे चुकत चुकत बसवली. खवल्या मांजर मासळी खात नाही, पण मासळीला मुंग्या लागतात आणि ते मुंग्यांना येते, हेही मीच ताडले. लिहिले नाही कारण ते माझे आहे. सुगरण मसाला वाटून दाखवते, माप सांगत नाही.

'नाही' हा शब्द तू लिहिलास, मी नव्हे. तुझे पत्र आले तेव्हा मी तो वाचला होता आणि गप्प बसलो, हे मात्र खरे.

पण बोलावल्यावर आलेला पाहुणा खोटा ठरत नाही. ठसा आहे म्हणजे जनावर आहे. तीन वर्षे मी रोज पाचला उठलो. तुमच्या सरांच्या तुकड्यांत पाच निघतात म्हणून माझ्याही तुकड्यात पाचच निघावेत असा काही कायदा नाही. पदवी असली की दुसऱ्याने मोजलेले जास्तच वाटते, असे दिसते.

मामा

१८ एप्रिल

प्रिय खारूताई,

हे पत्र मी लिहितेय, तुझे मामा नाहीत. त्यांना सांगू नकोस, म्हणजे सांगितलंस तरी चालेल, त्यांना कळेलच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी जेवताना आमटी वाढून घेतली आणि भाताशिवाय प्यायली. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले, "पोरगी मोठी झाली." तुला उत्तर पाठवलं, ते मला दाखवलं नाही, म्हणजे चांगलं नसणार. पाचव्या दिवशी मी परसात गेले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि बराच वेळ कळेना काय ते. वास नव्हता. एकोणीस वर्षांच्या संसारात तीन वर्षं त्या मासळीच्या डब्याबरोबर काढलीत मी, नाक मेलंय माझं, तरी कळलं. डबा राखेने घासून पालथा घातला होता.

मी विचारलं, "हे काय नवीन?"
म्हणाले, "महिनाभर उपास."
"कुणाचा?"
"त्यांचा. बघू कोण येतं ते न बोलावता."

अर्ध्या पाट्या त्यांनी बेटातून काढून ओढ्याच्या पट्टीत नेऊन ठेवल्यात. दोन्हीकडे काही ठेवत नाहीत, नुसती काजळी. रोज सकाळी आधी पट्टीत जातात, मग बेटात, आणि कारखान्याचा पहिला भोंगा झाल्यावर धावत सुटतात. काल पहिल्यांदा उशिरा पोहोचले, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मुकादम म्हणाला, "मिस्त्री, घड्याळ पण स्वतःच बनवलंत की काय?" ह्यांनी उलटून उत्तर दिलं नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

संध्याकाळी बेटाचे कागद बघतात तेव्हा चेहरा पडलेला असतो. पट्टीचे बघतात तेव्हा त्याहून जास्त. मला यातलं काही कळत नाही. पण तू आत्ता पत्र लिहू नकोस. ते लिहितील. त्यांना आपली चूक दुसऱ्याने काढलेली चालत नाही, स्वतः मोजून काढलेली चालते.

तुझी मामी

३० एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

मागचे पत्र रागाने लिहिले. त्यातले पदवीबद्दलचे वाक्य खोड. बाकीचे राहू दे, ती माहिती आहे.

एकोणतीस मार्च ते सत्तावीस एप्रिल, तीस दिवस. बेटात पाट्या बारा, पट्टीत पाट्या बारा, दोन्हीकडे अंतर ऐंशी पावले, दोन्हीकडे काजळी एकाच दिवशी धरलेली, आमिष कुठेही नाही. तू म्हणशील आमिष नसले की ठसे कमीच मिळणार, मग कमी मिळाले यावरून काय सिद्ध होते? तेच मीही म्हणालो. म्हणून पट्टी. आमिष काढल्याने कमी व्हायचे असतील तर दोन्हीकडे सारखेच कमी व्हावेत.

बेट: सहा. दोन्ही उंदीर, खार, मुंगूस, माकड आणि लहान उदमांजर.
पट्टी: अकरा.

रानमांजर, साळिंदर, पिसोरी, मोठे उदमांजर, पाणमांजर हे पाचही फक्त पट्टीत. रानडुक्कर, ससा आणि खवल्या मांजर महिन्याभरात कुठेच आले नाहीत.

मोठ्या उदमांजरांत एक मादी आहे, तिच्या पुढच्या डाव्या पायाचे एक बोट नाही. तिचा ठसा मी डोळे मिटून ओळखतो. रजिस्टरात ती दर तीन आठवड्यांनी बेटात दिसते, आणि मी तिला तीन वर्षे बेटाची जुनी रहिवासी धरून चाललो. मामीशी बोलताना तर 'आपली' म्हणत असे. या महिन्यात ती पट्टीत सात वेळा आली. चारदा बेटाकडे तोंड करून, तीनदा उलट. शेवटच्या पाटीवर, जिथून बेट चाळीस पावलांवर आहे, तिथपर्यंत एकदा आली आणि वळून गेली. वास नव्हता ना.

तेव्हा तुझे म्हणणे बरोबर होते. माझे ठसे सगळे खरे आहेत आणि त्यांवरून काढलेली गोष्ट चूक आहे. तारखा उघडून बसलो तर दिसले की मोठे प्राणी सगळे डब्याच्या दहाव्या दिवसानंतरच्या दोन सकाळींना येतात. हे रजिस्टरात तीन वर्षे होते. मी आकडा बघत होतो, तारीख बघत नव्हतो.

चौदा हा आकडा खोडलेला नाही. खाली रेघ मारून सहा लिहिले आहे, आणि त्यापुढे सही. आमिषाच्या रकान्यात आता 'होय' लिही. कृतीसुद्धा लिही, मापासकट.

तुझा मामा

८ मे

प्रिय मामा,
नमस्कार.

तुझे तक्ते सरांपुढे ठेवले. त्यांनी आधी मला झापलं, 'नाही' लिहिल्याबद्दल, आणि ते योग्यच होतं. अहवाल छापून गेला होता, आता दुरुस्तीचं पान निघालंय. मग त्यांनी तुझं ते वाक्य वाचलं, दोन्हीकडे सारखेच कमी व्हावेत हे, आणि म्हणाले की हे आपण सोळाच्या सोळा तुकड्यांत करायला हवं होतं. त्यांनी चष्मा पुसला नाही, एवढं सांगते.

दुरुस्तीचं पत्र कंपनीला गेलंय. तुझ्या मॅनेजरसाहेबांचं उत्तरही आलं, दोन ओळींचं. त्यांना आमच्या ऑफिसपेक्षा त्यांच्या माणसाच्या रजिस्टरावर जास्त विश्वास आहे म्हणे. म्हणजे ते तुझंच रजिस्टर तुझ्याविरुद्ध धरून बसलेत, आणि रेघेखालचं पान त्यांनी पाहिलेलं नाही किंवा पाहायचं नाही.

सव्वीस तारखेला सभा आहे. मुख्य कार्यालयाची माणसं येणार आणि व्यापाऱ्यांचा निरीक्षकही. आम्हाला बोलावणं नाही. तुला आहे, चौदा प्राणी सांगायला.

मामा, तू तिथे बोलला नाहीस तर आमचं पत्र फायलीला लागेल आणि एक तारखेला करवती चालू होतील. बोललास तर सगळ्यांसमोर तुला तुझी यादी अर्ध्याहून खाली आणावी लागेल, आणि नोकरी तिथेच करायची आहे. मी बोल असं म्हणत नाही. तुला नको वाटलं तर मी समजेन, मामीही समजेल. फक्त मला आधी कळव, म्हणजे मी दुसरं काही बघते. दुसरं काय, ते मला अजून माहीत नाही.

तुझी खारूताई

२ जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

आधी कळवले नाही, कारण स्वतःलाच माहीत नव्हते.

सभा अकराला होती, सुरू झाली पावणेबाराला. मुख्य कार्यालयाचे तिघे, व्यापाऱ्यांच्या निरीक्षक बाई एक, आपले साहेब, मुकादम, हिशेबनीस. मला खुर्ची होती. साहेबांनी ओळख करून दिली, 'आमचे चौदा प्राण्यांचे मिस्त्री'. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सहा."

साहेब हसले. म्हणाले, "मिस्त्री घाबरलेत जरा. चौदा."

मी म्हणालो, "बेटात राहतात सहा. बाकीचे माझ्या मासळीसाठी ओढ्याच्या पट्टीतून जेवायला येत होते. मी आमिष ठेवत होतो आणि लिहीत नव्हतो."

"म्हणजे तुमचं रजिस्टर खोटं?" साहेबांनी विचारले.

"ठसे खरे आहेत. अर्थ मी चुकीचा लावला. पट्टी तोडली तर चौदाचे सहा होतील, आणि सहाचे पुढे काय होईल ते मोजायला मी निवृत्त होईपर्यंत वेळ आहे."

निरीक्षक बाईंनी रजिस्टर मागितले. रेघेच्या वरचे आणि खालचे, दोन्ही पाने वाचली. मग विचारले की पाट्या कुठून आणल्या. मी सांगितले. त्या म्हणाल्या, पट्टी दाखवा. सगळ्यांना भर उन्हात अडीच किलोमीटर चालवले. हिशेबनिसाचा एक बूट ओढ्यात राहिला. सातव्या पाटीवर त्या दिवशी सकाळचा साळिंदराचा ठसा होता, मी काही ठेवलेले नसताना. बाई त्यापुढे उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. साहेब घड्याळ बघत होते.

निर्णय काल आला. पट्टी राहणार, पण पूर्ण नाही. डावीकडची वीस पावले रस्त्यासाठी जाणार. साठाची चाळीस झाली. चाळीस पुरतात का ते तुझ्या सरांना विचार, आणि पुरत नसतील तर कागदावर लिहून पाठव, साहेबांना नव्हे, बाईंना. पत्ता सोबत आहे. कारखान्याच्या फाटकावर 'चौदा प्राण्यांचे बेट' असा मोठा बोर्ड साहेबांनी एप्रिलमध्ये लावला होता, तो काल उतरवला. उतरवायला फिटरच लागतो, म्हणून नट मीच काढले. एकही गंजला नव्हता.

साहेब आता कामापुरते बोलतात. मुकादमाने मात्र आज विचारले, त्या मासळीचे नक्की माप काय. मी सांगितले.

पाट्या आता चोवीसच्या चोवीस पट्टीत आहेत. बोट नसलेली आठवड्यात दोनदा आली.

तुझा मामा

ता. क. मामी म्हणते हे तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहीन, आणि ती तिखटमीठ लावील. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये आले होते. मी लेथवर होतो, ते मशीन थांबेपर्यंत उभे राहिले. म्हणाले, सभेत फक्त चौदा म्हणायचे आणि खाली बसायचे. त्याबद्दल वन्यजीव निरीक्षक हे पद, रजिस्टर छापून पुस्तक, वर माझे नाव, आणि रोख दोन लाख चाळीस हजार. सभेत 'सहा' म्हणून मी नको म्हटले ते एवढे.